हसऱ्या तोंडाचा महिना

स्फाक्स, ३ रमजान

मुन्जी,

वर 'खूया' लिहिणार होतो, पण हात वळला नाही. भाऊ म्हणण्याइतकं आपल्यात काही उरलंय का ते मला ठाऊक नाही.

अक्षर ओळखलं असशीलच. फाडायचं असेल तर फाड, पण कामाचं तेवढं वाचून मग फाड. बाबांची बोट सहा वर्षं बंदरात उलटी पडून आहे. बंदरवाले म्हणतात, हलवा, नाहीतर आम्ही फोडून टाकतो. त्यांना कागदावर आपल्या दोघांच्या सह्या हव्यात. माझी मी केली आहे. तुझी करून पाठव. एवढंच काम.

पाकीट हातात आलं तेव्हा नीट चिकटलेलं होतं का, तेही कळव. मी तीनदा डिंक लावलाय. टपालकचेरीतला माणूस दोनदा म्हणाला, "सिसिली? तिकडे कोण असतं?" त्याला काय करायचंय? मी म्हटलं, व्यापारी आहे, शिलाई मशीनचा भाग मागवतोय. त्याला ते पटलेलं दिसलं नाही.

इथे सगळं ठीक आहे. मी ठीक, सलूहा ठीक, अर्वा नऊ वर्षांची झाली. तू तिला पाहिलंस तेव्हा ती तीनची होती, तुझ्या चपला घालून अंगणात फिरायची. दुकान चालू आहे. ईद जवळ आली की शिंप्यांच्या मशिनी एकदम बिघडायला लागतात, त्यामुळे काम भरपूर.

रमजान यंदा थंडीतला आहे. दिवस लहान, म्हणून सगळे म्हणतात यंदाचे रोजे म्हणजे पोरखेळ. गल्लीत माळा लागल्या आहेत. भेटेल तो गळ्यात पडतो. रोजा सोडायची तोफ झाली की कुणाच्या ना कुणाच्या घरी पंधरावीस माणसं जेवायला, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत असतो की हा खूश आहे ना. मीही हसतो. हसणं नीट जमतं मला. कुणी काही म्हटलेलं नाही अजून.

एक विचारायचं होतं. मयताच्या तिसऱ्या दिवशी, सगळी गल्ली बसलेली असताना तू जे बोललास, की बाबा बोटीवरून पडले नाहीत, उतरले, ते इतक्या खात्रीने कसं बोललास? तू तर समुद्रापलीकडे सिसिलीत, मझाराला होतास. बाबा गेल्यानंतर दुसऱ्या दिवशी पोचलास. तुला कुणीतरी काहीतरी सांगितलं असणार. कोण तो? मी त्याला काही करणार नाही. फक्त ठाऊक असावं म्हणून विचारतोय.

तेव्हा मी तुझ्या थोबाडीत मारली त्याबद्दल मी काही लिहिणार नाही.

नौफल


स्फाक्स, ८ रमजान

मुन्जी,

उत्तर नाही. पत्र पोचलं नाही, की पोचलं आणि तू गप्प आहेस, की मधल्यामधे कुणी वाचून ठेवून दिलं? तिन्ही शक्य आहे.

इथे एक विचित्र प्रकार चाललाय. तुला सांगतोय, कारण तू लांब आहेस आणि गल्लीतल्या कुणाशी तुझं बोलणं नाही (की आहे?).

परवा दुपारची नमाज झाल्यावर दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसलो होतो. दुपारी मी तसं बसतो, डोकं दुखतं म्हणून. बाहेर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. पाहिलं तर पायरीवर एक वाडगा, वर फडकं बांधलेलं. आत मसूर डाळीचं सूप, उकडलेलं अंडं आणि पावाचा तुकडा. सूप गरम होतं. मुन्जी, रमजानात, भर दुपारी, गरम सूप!

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. समोर खमैसकाका रंगाऱ्याचं दुकान, तेही बंद. मी वाडगा उचलून मागच्या बोळात मांजरांना घातला आणि धुऊन पायरीवर पालथा ठेवला. संध्याकाळी तो गायब.

काल पुन्हा. आज पुन्हा.

हा सापळा आहे. कुणीतरी बघायचं ठरवलंय की हा खातो का. उद्या मी घास तोंडात घातला की चार जण शटर वर करून उभे राहतील. खमैसकाकांनी मागल्या वर्षी एका बाप्याला सिगारेट ओढताना पकडून वेशीपर्यंत हाकलत नेलं होतं, "अरे निर्लज्जा, देवाला नाही तर गल्लीला तरी घाबर!" असं ओरडत. सत्तरीचा माणूस, हात कोपरापर्यंत निळे, आणि आवाज तोफेसारखा. तेच असतील असं वाटतं. पण फडक्याची गाठ बाईच्या हातची वाटते. मग सलूहा? तिने मला का पारखावं?

तू म्हणशील, खाल्लं नाहीस तर घाबरतोस कशाला. बरोबर आहे. मी घाबरलेलो नाही.

नौफल


स्फाक्स, १२ रमजान

मुन्जी,

तू उत्तर देत नाहीस हे एका परीने बरंच आहे. भिंतीशी बोलल्यासारखं होतं, आणि भिंत गल्लीत जाऊन सांगत नाही.

काल अर्वाने पहिला पूर्ण रोजा धरला. पहाटे उठून बसली, दिवसभर सुकलेल्या तोंडाने हिंडली, तीन वाजता रडली आणि तरी पाणी प्यायली नाही. तोफ झाल्यावर सलूहाने तिला चांदीच्या वाटीत दूध-खजूर दिलं, शेजारणींनी टाळ्या वाजवल्या. मी टाळ्या वाजवत होतो, तेवढ्यात ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, जीभ दाखवा."

"का गं?"

"ज्याचा रोजा असतो त्याची जीभ पांढरी असते. वर्गात सगळ्यांची बघितली. दोघी खोटारड्या निघाल्या."

सगळ्या बायका हसल्या. सलूहा हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मी पोरीला उचललं, गुदगुल्या केल्या, विषय संपवला. पण मला सांग, नऊ वर्षांच्या मुलीला हे आपणहून सुचतं? का तिला कुणी पुढे केलं?

लिहायला बसलोच आहे तर लिहितो. माझी जीभ पांढरी नव्हती. मी या रमजानात एकही रोजा धरलेला नाही.

मी गोळ्या घेतो. उन्हाळ्यापासून. सकाळी एक, दुपारी एक, दोन्ही जेवणावर. त्या मी मशीनच्या सुयांच्या डब्यात ठेवतो, सुयांखाली. दुपारी शटर ओढून खिशातला पाव खातो, उभ्याने, दाराकडे पाठ करून. डॉक्टर महदियाला आहे. इथे स्फाक्समध्ये दवाखान्याबाहेरच्या बाकावर कोण बसलं होतं हे संध्याकाळच्या आत सासुरवाडीला कळतं. म्हणून दर महिन्याला शेअर टॅक्सीने महदियाला जातो आणि घरी सांगतो, भाग आणायला चाललोय.

काय होतं ते डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा मला सांगता आलं नाही. दुःख नाही. दुःख असतं तर कशाचं ते तरी सांगता आलं असतं. सकाळी डोळे उघडतो तेव्हा अंगावर ओलं जाळं टाकल्यासारखं वाटतं, बाबा ओढायचे ना तसलं, शिसं लावलेलं. त्याखालून पाय बाहेर काढायलाच तास जातो. बाकीच्या महिन्यांत ते लपवता येतं. माणूस थकलाय म्हणून सोडून देतात. पण या महिन्यात सोडत नाहीत. "नौफल, हस की! नौफल, बैस, अजून एक घे! नौफल, रमजान आहे!" बाई म्हणाल्या, सणात जास्त होतं, पुष्कळांना होतं. मी म्हटलं, मग ते पुष्कळ कुठे असतात? मला तर एकही दिसला नाही.

त्या असंही म्हणाल्या की आजाऱ्याला रोजा माफ आहे, तुम्ही इमामालाही विचारू शकता. मी मान हलवली. इमामाचं घर आमच्या मागच्याच गल्लीत आहे.

हे पत्र जाळ.

नौफल


स्फाक्स, १६ रमजान

मुन्जी,

वाडगा कोण ठेवतं ते कळलं.

आज मी दुकान पूर्ण बंद करून कुलूप लावलं, आणि बोळातून वळसा घालून मागच्या दाराने आत आलो. शटरच्या फटीला डोळा लावून बसलो. नमाज संपली, गल्ली रिकामी झाली. मग समोरचं शटर दोन वीत वर गेलं आणि खालून आधी एक निळा हात आला, मग दुसऱ्या निळ्या हातात वाडगा, मग गुडघ्यांवर रांगत खमैसकाका. इकडेतिकडे पाहिलं, लगबगीने माझ्या पायरीवर वाडगा ठेवला आणि वळले. मी शटर खाडकन वर केलं.

"पकडलं!" मी म्हणालो. कशाला म्हणालो देव जाणे.

ते जागच्या जागी उभे राहिले. मग हळू म्हणाले, "ओरडू नकोस, गाढवा. दोघेही अडकू."

मला दंडाला धरून त्यांनी आपल्या दुकानात नेलं आणि शटर खाली ओढलं. आत रंगाच्या पिंपांमागे छोटा स्टोव्ह, पातेलं, दोन वाडगे, दोन चमचे. सगळी मांडामांड जुनी, रोजची.

"मला साखरेचा आजार आहे," ते म्हणाले. "सहा वर्षं झाली. उपाशी राहिलो तर पडतो. इमामाला विचारलं होतं, तो म्हणाला, खमैस, खा, गुन्हा नाही. पण परवानगी देव देतो, गल्ली देत नाही. म्हणून इथे खातो आणि बाहेर जाऊन बोंब मारतो, म्हणजे माझ्यावर कुणाची नजर नको."

"आणि मला का ठेवता? मला काय झालंय? कुणी सांगितलं तुम्हाला? औषधवाल्याने? सलूहाने?"

"कुणी कशाला सांगायला हवं? तू महिनाभर एकच मशीन पुसतोयस. तेल घालतोस, पुसतोस, पण चालवून बघत नाहीस. शेवटच्या रमजानात तुझा बाप असाच बसायचा. जाळं मांडीवर घ्यायचा आणि गाठ मारायचा नाही."

मग त्यांनी स्टोव्हची वात कमी केली. पुढचं माझ्याकडे न बघता सांगितलं. मुन्जी, त्या रमजानात बाबा महिनाभर दुपारी इथे जेवत होते. याच पिंपांमागे. काकांना म्हणाले होते, रोजा झेपत नाही, पोट बिघडलंय.

"तो पोट म्हणाला, आणि मी पोटच धरून बसलो," काका म्हणाले. "जिऱ्याचं पाणी देत राहिलो. तीस दिवस समोरासमोर जेवलो, रे, आणि एकदाही विचारलं नाही की तुझं खरं काय दुखतंय. तुला बघितलं तेव्हा म्हटलं, या वेळी निदान वाडगा तरी ठेवू. तोंड उघडायला मला जमत नाही. सूप करायला जमतं."

मी त्यांना सरळ विचारलं, "मुन्जीला तुम्हीच सांगितलंत ना? बाबा उतरले म्हणून?"

"मी? तो बोलला तेव्हा तर मला समजलं. तोवर मी पोटच म्हणत होतो."

मला त्यांचं पटलं. म्हणजे तुला सांगणारा अजून कुणीतरी आहे.

सूप खाल्लं. मीठ जास्त होतं.

नौफल


स्फाक्स, २० रमजान

मुन्जी,

मी सलूहावर संशय घेत होतो असं तुला लिहिलं होतं ना? ती माझ्यावर घेत होती.

काल तोफेला अर्धा तास होता. ती अंडं भरलेल्या ब्रिक तळत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो तशी पाठमोरीच म्हणाली, "महदियात कोण आहे?"

"कोण म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या जुन्या कोटात टॅक्सीची सहा तिकिटं आहेत. म्हणजे तिकडून परत येतोस तेव्हा पिशवीत मशीनचा एक स्क्रूही नसतो. म्हणजे माझ्याशी बोलत नाहीस, पोरीशी बोलत नाहीस, बिछान्यात भिंतीकडे तोंड करून झोपतोस. मी काही आंधळी नाही, नौफल. नाव सांग. धाकटी आहे ना?"

"डॉक्टर आहे," मी म्हटलं.

"म्हणजे बाई आहेच!"

"बाई आहे. साठ वर्षांची. मी पेशंट आहे तिचा."

कढईतली ब्रिक करपेपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग विचारलं, "काय झालंय? छातीत? पोटात?" मी डोक्याला बोट लावलं. मग वाटलं, तिथे नाही, म्हणून बोट छातीवर नेलं. मग हात खालीच सोडला. ती खुर्चीवर बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली.

"बाई असती तर बरं झालं असतं रे," ती म्हणाली. "तिच्या झिंज्या तरी उपटल्या असत्या. याच्या कशा उपटू?"

अर्वाला जीभ बघायला तिनेच सांगितलं होतं. तिला वाटलं होतं, महदियाला त्या बाईच्या घरी मी दुपारी जेवून येतो.

मग तिने विचारलं, "बाबांसारखं?"

सहा वर्षांत या घरात ते कुणी बोललं नव्हतं. तुला मारल्यापासून कुणाची हिंमत नव्हती. मी म्हटलं, बाबा बोटीवरून पडले. ती म्हणाली, "बरं, पडले." आणि दुसरी ब्रिक तेलात सोडली. पण आज सकाळी ती माझ्याबरोबर महदियाला आली. डॉक्टरबाईंच्या समोर मांडीवर पर्स घेऊन बसली आणि माझ्याआधी तिनेच सगळे प्रश्न विचारले. बाईंनी गोळी बदलली नाही. ईदपर्यंत एकटं राहू नका म्हणाल्या. ईदच्या सकाळी तर नाहीच.

बाबा ईदच्या सकाळी गेले हे त्यांना कसं कळलं? मी तर त्यांना त्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. बाहेर आल्यावर सलूहाला विचारलं तर म्हणाली, "मी सांगितलं. तू खिडकीबाहेर बघत होतास तेव्हा."

नौफल


स्फाक्स, २४ रमजान

खूया मुन्जी,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. मझाराला परत निघालेल्या एका खलाशाच्या हाती देतोय. तुझ्याच हातात दे असं त्याला बजावलंय. तरी पाकिटावर दोन ठिकाणी सही केली आहे. सही तुटलेली असली तर समज.

बंदरवाल्यांनी कुठलाही कागद मागितलेला नाही. सह्यांचा तो कागद मीच लिहिला. तू उत्तर द्यावंस म्हणून काहीतरी कारण हवं होतं. आणि बोटीचंच कारण का सुचलं, तेही लिहितो. रमजान लागायच्या आदल्या आठवड्यात मी बंदरात गेलो होतो. तिघांच्या मदतीने बोट सुलटी केली. त्यांना म्हटलं, विकायची आहे. मग रोज थोडं थोडं जाऊन फटी बुजवल्या, डांबर लावलं. दुकानात एक मशीन धड चालवून बघत नव्हतो आणि तिथे हात सरासर चालत होते. बोटीत आता पाणी शिरत नाही. ती कशासाठी तयार केली हे मी स्वतःला विचारलं नाही. ईद कधी आहे हे मात्र रोज मोजत होतो.

आजवर तुला जेवढं लिहिलं त्यात मी सगळ्यांवर संशय घेतला. टपालवाला, काका, बायको, पोर, डॉक्टर, तू. खरं म्हणजे मला माझाच भरवसा वाटत नाही.

आता जे लिहितोय ते सलूहालाही ठाऊक नाही.

त्या ईदच्या सकाळी बाबा माझ्या दारात आले होते. नमाजेच्या आधी. मी नवा सदरा घालत होतो, गळ्याचं बटण लागत नव्हतं. ते म्हणाले, "नौफल, चल, थोडं पाण्यावर जाऊन येऊ." मी म्हटलं, "बाबा, आज ईद आहे. आजच्या दिवशी कुणी समुद्रावर जातं का?" ते म्हणाले, "बरं." पुढे आले, माझं बटण लावून दिलं, कॉलर सरळ केली आणि गेले. मी त्यांच्याकडे नीट बघितलंही नाही. मला मित्रांकडे जायचं होतं.

दुपारी बोट रिकामी सापडली. त्यांना सापडायला दोन दिवस लागले.

तू सगळ्यांसमोर 'उतरले' म्हणालास तेव्हा मला वाटलं, याला त्या बटणाचं कळलंय. कुणीतरी दारातून पाहिलं असणार आणि याला सांगितलं असणार, आणि आता पुढचं वाक्य हा बोलणार की नौफलला बरोबर बोलावलं होतं आणि हा गेला नाही. ते वाक्य तुझ्या तोंडातून येऊ नये म्हणून मी हात उचलला. बाबांच्या अब्रूसाठी नाही. गल्ली मला सहा वर्षं चांगला मुलगा म्हणते आणि तुला नाही. हे मी चालू दिलं.

तू माझा मोठा भाऊ आहेस आणि मी तुला चारचौघांत मारलं. माफी मागतो. ती दिलीच पाहिजेस असं नाही.

पण आता तरी सांग, तुला कुणी सांगितलं होतं? ईदच्या आधी सांग, जमलं तर. ईदच्या सकाळी मी कुठे असेन याची खात्री मला देता येत नाही.

नौफल


स्फाक्स, ईदचा दुसरा दिवस

खूया मुन्जी,

काल आपण फोनवर बोललो, तरी लिहितोय. फोनवर अर्धं खरखरीत गेलं. मी जे ऐकलं ते तसंच होतं का, एवढं ताडून बघ.

पहाटे उठलो तेव्हा जाळं अंगावर होतंच. ईद आहे म्हणून ते उतरत नाही. बाहेरच्या खोलीत आलो तर दाराला आतून कुलूप आणि किल्ली सलूहाच्या गळ्यात. तिने दार उघडलं तर उंबऱ्यावर खमैसकाका, नवा झगा, निळे हात मांडीवर. "नमाजेला एकट्याने जायचा कंटाळा आला," म्हणाले. पन्नास वर्षं एकटे जाणारा माणूस! मी सलूहाकडे बघितलं. ती खाऱ्या मासळीचं पाणी बदलण्यात फारच गुंतलेली होती. म्हणजे दोघांचं आधीच ठरलं होतं. मला राग आला. सांगतो तुला, खरंच राग आला. पण किती महिन्यांनी काहीतरी आलं होतं.

नमाज झाली. परतताना टेलिफोनच्या दुकानाचा माणूस गल्लीतून पळत आला, "नौफल, सिसिली! दहा मिनिटांत पुन्हा लावतो म्हणालाय!" अर्वा नवा फ्रॉक घालून माझ्या मागे लागली. तिला बाहेर उभी केली आणि मी त्या लाकडी खोक्यात शिरलो.

तू सलाम केला नाहीस, ईदच्या शुभेच्छा दिल्या नाहीस. तू म्हणालास, "कुठे आहेस?"

मी म्हटलं, "फोनवर."

"चेष्टा नको. कुठे आहेस?"

मग म्हणालास, सगळी पत्रं मिळाली होती, पहिल्यापासून. पाकिटं धड होती. उत्तर लिहायला बसायचास आणि उठायचास. मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं होतं?"

"त्यांनीच," तू म्हणालास. "आदल्या दिवशी. तू आत्ता उभा आहेस त्याच टेलिफोनच्या दुकानातून फोन केला होता त्यांनी. म्हणाले, मुन्जी, ये ना रे उद्या, जरा पाण्यावर जाऊन येऊ. मी हसलो. म्हटलं, बाबा, उद्या सकाळपर्यंत पोचू कसा, उडत? तर म्हणाले, बरं."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"तेच 'बरं', नौफल. तुझ्या पत्रात वाचलं आणि आवाज ऐकू आला मला. मी त्यांना म्हटलं की पुढच्या ईदला येतो. ते म्हणाले, कामाला लाग, बोलणं महाग पडतं. आणि ठेवला."

"मग त्या दिवशी हे का नाही सांगितलंस सगळ्यांना? नुसतंच 'उतरले' म्हणून—"

"तेच सांगणार होतो पुढे. तू मारलंस."

माझ्या तोंडून आवाज निघाला. हसणं होतं की काय होतं, मला कळलं नाही. तुझ्याकडूनही तसाच काहीतरी आला.

तू म्हणालास, "मारलंस ते एका परीने बरं वाटलं होतं. कुणीतरी मारायलाच हवं होतं मला." मग म्हणालास, "आणि आपण दोघं गेलो असतो तरी काय झालं असतं ते मला ठाऊक नाही. मी सहा वर्षं विचार करतोय. कधी ते परत येतात, कधी येत नाहीत."

मला वाटतं, हे तू म्हणालास. की मीच म्हणालो? खरखर फार होती.

बोटीचं सांगितलं मी तुला. माझ्या हाताला डांबर बघून काकांनी आठवडाभरापूर्वीच वल्ही उचलून आपल्या रंगाच्या पिंपामागे टाकली आहेत. विचारलं तर म्हणतात, लाकूड वाळवायला ठेवलंय. तू म्हणालास, उन्हाळ्यात ये म्हणशील तर येईन, पण बोटीत बसणार नाही. मी म्हटलं, मीही नाही. बहुतेक. तू लगेच म्हणालास, "बहुतेक म्हणजे?" मी म्हटलं, मुन्जी, खोटं सांगायचं नाही असं ठरवलंय म्हणून बहुतेक.

मग तुझा आवाज एकदम मोठ्या भावाचा झाला. लहानपणी मी शाळेला बुट्टी मारायचो तेव्हा व्हायचा तसा.

"आता इथून कुठे जाणार?"

"घरी. सलूहाने मासळी केलीय."

"नक्की?"

"नक्की."

"बरोबर कोण आहे?"

"अर्वा. बाहेर उभी आहे."

"तिला दे."

"ती तुला ओळखत नाही, खूया. तीन वर्षांची होती—"

"तिला दे म्हणतो ना. तुझ्यावर माझा विश्वास नाही."

मी दार ढकललं आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला. सिसिलीचे काका आहेत म्हटलं. तिने तो दोन्ही हातांनी कानाला धरला. तू काय विचारलंस ते मला ऐकू आलं नाही. तिने मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं, कशाची तरी खात्री करून घेतल्यासारखं, आणि माझ्या सदऱ्याची बाही मुठीत धरून फोनमध्ये म्हणाली, "हो. बाबा इथेच आहेत."

नौफल